तेविसाव्या खेपेचा आंबटपणा

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि गुजरातेतल्या निजामपुऱ्यात, त्या तीन मजली सोसायटीत शिरक्याची चौकशी सुरू झाली. थेट कोणी विचारलं नाही. ज्या घरातला माणूस एप्रिलमध्ये गेला, त्या घरी ऑक्टोबरात बाटली मागायला जाणं बरं दिसत नाही, एवढं भान सगळ्यांना होतं. म्हणून लोक आधी त्याच्या बायकोच्या, जिजाबाईंच्या, गुडघ्यांबद्दल विचारायचे, तिथून कांद्याच्या भावावर यायचे, आणि थंडीत नुसता कांदा कसा नीरस लागतो इथे येऊन गप्प बसायचे. जिजाबाईही गप्प बसायच्या. मग समोरचा माणूस एकदा माळ्याकडे बघून उठायचा.

माळ्यावर सहा बरण्या होत्या. भास्करराव मोहित्यांची ती तेविसावी खेप.

छाणीच्या पुढच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेला हा माणूस दर माघात उसाचा रस आणायचा, आधी तो फसफसू द्यायचा, मग बरण्यांच्या तोंडाला मलमलीची फडकी बांधून त्या माळ्यावर चढवायचा. नवरात्र संपलं की बरण्या खाली यायच्या. पण रस आंबला म्हणजे शिरका झाला, असं मानणाऱ्यांपैकी भास्करराव नव्हते. आंबट ही त्यांच्या लेखी चव नव्हती, आकडा होता. मोजून घेतलेल्या शिरक्यात रंग बदलून दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे, वरून ब्युरेट या मोजनळीतली अल्कली थेंब थेंब सोडायची, आणि रंग गुलाबी झाला की थांबायचं. जितकी अल्कली लागली तितकं आम्ल. त्यावरून शेकडा किती ते काढायचं आणि तो आकडा लेबलावर लिहायचा. लेबलाशिवाय एकही बाटली उंबरठ्याबाहेर गेली नव्हती. चाराच्या खाली भरलं तर ते त्याला शिरका म्हणत नसत. ‘आंबट पाणी’ म्हणत, आणि ते म्हणताना एखाद्या नातेवाइकाच्या वर्तनाबद्दल बोलावं तसा चेहरा करत.

या सगळ्याची एक नोंदवही होती. प्रत्येक खेपेला एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी सह्यांचे तीन रकाने: ‘घातले’, ‘मोजले’, ‘चाखले’. बावीस ओळींत पहिल्या दोन रकान्यांत ‘भा. मो.’ आणि तिसऱ्यात ‘जि. मो.’. तेविसाव्या ओळीत पहिला रकाना भरलेला होता, पुढे सगळं कोरं.

त्यांच्या मुलीला, सुनेत्राला, हे कोरेपण बघवत नव्हतं. ती एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कामाला होती आणि अपुरी नोंद ही तिच्या धंद्यातली अस्वच्छता होती, असं तिने स्वतःला सांगितलं. वाचन अफाट, जाड जाड पुस्तकं तिने उभ्या उभ्या संपवली होती; पण रसायनशास्त्र तिने अकरावीत सोडलं ते सोडलंच. त्या वेळी भास्करराव काहीच बोलले नव्हते. नुसती तिची प्रयोगवही घेऊन तिच्या कोऱ्या पानांवर पुढली तीन वर्षं वाण्याच्या याद्या लिहीत राहिले.

“ओळ मी पुरी करते,” तिने आईला सांगितलं.

जिजाबाई म्हणाल्या, “कर. पण बरण्या हलवू नकोस.”

बरण्या न हलवता त्यातलं कसं मोजायचं, हा प्रश्न तिने तेव्हा विचारला नाही. पुढे अडचणी इतक्या आल्या की त्याला रांगेत बराच वेळ उभं राहावं लागलं.

समोरच्या फ्लॅटमधल्या उत्कर्षाने पहिला सल्ला दिला. ती कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायची. दर वर्षी दोनशे मुलं तिच्याकडून अशा मोजणीची, म्हणजे टायट्रेशनची, गणितं शिकून पास होत, आणि ब्युरेटला तिने स्वतः शेवटचा हात लावला होता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी. तिने नोंदवही चाळली. बावीस खेपा चार पॉइंट एक ते चार पॉइंट सात यांच्यामध्ये होत्या.

“मग यात करायचं काय, सुनेत्राताई? चार पॉइंट चार लिहून टाका. आम्ही प्रॅक्टिकलला तेच करायचो. आधी उत्तर, मग त्यावरून उलटं गणित करून रीडिंग. तीनही सारखी. सरही तसेच शिकलेले.”

सुनेत्राने नम्रपणे नकार दिला. उत्कर्षाला वाईट वाटलं नाही. दुःखात माणूस हट्टी होतो असं ती जिजाबाईंना जाताना हळूच सांगून गेली, आणि ते सुनेत्राने ऐकावं इतपत मोठ्याने सांगितलं.

दुसरा सल्ला सोसायटीचे सेक्रेटरी दिग्विजयराव यांचा. हे कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि निवृत्त झाल्याचं अजून त्यांच्या हातांना कळलं नव्हतं. कोणताही कागद समोर आला की ते आधी तो बाजूला ठेवत. फ्लॅट भास्कररावांच्या नावावरून जिजाबाईंच्या नावावर करायचा अर्ज त्यांच्याकडे मे महिन्यापासून बाजूला ठेवलेला होता. नकार नव्हता. कधी एक झेरॉक्स कमी पडे, कधी सही पेनच्या भलत्या रंगात निघे, आणि अधूनमधून ते सोसायटीच्या रंगकामाच्या ‘ऐच्छिक’ देणगीचा विषय काढत. रंग द्यायचा होता हे खरं. तो चार वर्षं द्यायचाच होता.

त्या संध्याकाळी ते फाइल काखेत घेऊन आले ते आणखी एक त्रुटी दाखवायला. सुनेत्रा स्वयंपाकघरात भास्कररावांच्या कपाटातली अल्कलीची बाटली उघडायचा प्रयत्न करत होती. बाटलीचं काचेचं बूच घट्ट बसलं होतं. कॉस्टिकच्या, म्हणजे त्या अल्कलीच्या, बाटलीला काचेचं बूच लावायचं नसतं, ते अडकतं, हे नोंदवहीच्या पाचव्या पानावर लाल शाईत लिहिलेलं होतं. सुनेत्रा तेव्हा चौथ्या पानावर होती. भास्करराव नेहमी रबरी बूच वापरत. शेवटचं काचेचं बूच कुणी लावलं हा प्रश्न पडायला हवा होता. तोही रांगेत गेला.

“आण इकडे, बेटा,” दिग्विजयराव म्हणाले. त्यांनी बाटलीची मान गॅसवर शेकली, लाटण्याने एक टिचकी मारली, दुसरी मारली, आणि तिसरीला बूच जसंच्या तसं राहून बाटली मानेपासून निराळी झाली. आतलं सगळं ओट्यावरून वाहत फाइलवर गेलं. कुणाला इजा झाली नाही. अर्ज तेवढा भिजला. दिग्विजयरावांनी तो दोन बोटांत धरून निथळवला आणि अत्यंत खेदाने सांगितलं की आता नवा अर्ज करावा लागेल, तीन प्रतींत, कारण भिजलेला कागद दप्तरी लागत नाही.

अशा रीतीने सुनेत्राकडे मोजायला अल्कली उरली नाही आणि तिच्या आईकडे अर्ज.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयातून अर्धी रजा काढून रसायनांच्या दुकानात गेली. दुकानदाराने संस्थेचं पत्र मागितलं. संस्था नाही म्हटल्यावर त्याने एक रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, पत्ता, आधार कार्ड, आणि ‘हेतू’. ॲसिडसाठी तो नियम होता. आपण मागतोय ते कॉस्टिक ॲसिडच्या नेमकं उलटं असतं, हे तिने समजावून पाहिलं. दुकानदार म्हणाला, बेन, उलटं असो की सुलटं, रजिस्टर एकच आहे. हेतूच्या रकान्यात तिच्या आधीच्या माणसाने ‘टॉयलेट’ लिहिलं होतं. तिने थोडा विचार करून लिहिलं: ‘वडिलांची नोंद पूर्ण करणे’. दुकानदाराने ते वाचलं, चष्मा वर केला, आणि त्यानंतर मात्र कॉस्टिकचे दाणे, ऑक्झॅलिक ॲसिड, सगळं निमूटपणे बांधायला घेतलं.

शेवटी तिने दर्शक, म्हणजे फिनॉल्फ्थॅलिन, मागितलं. दुकानदाराचे हात थांबले. त्याने मागे-पुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“कोने पकडाववो छे, बेन?”

कुणाला पकडवायचंय, हे विचारणं सुनेत्राला आधी कळेना. मग त्याने तिला समजावलं, फार सभ्यपणे. लाच घेणाऱ्याला पकडायचं असलं की लाचलुचपतवाले नोटांना हीच पावडर लावतात. साहेब नोटा मोजतात, मग त्यांचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी गुलाबी होतं. टीव्हीवर दाखवतात. बाकी कोणी हे घ्यायला येत नाही. एकतर शाळा, नाहीतर ते.

सुनेत्राने सांगितलं की तिला शिरका मोजायचा आहे. दुकानदाराने अगदी समजूतदारपणे मान हलवली. “समजी गयो,” तो म्हणाला, म्हणजे त्याचा एका अक्षरावरही विश्वास बसला नव्हता. दर्शकाची तयार बाटली स्पिरिटमधली असल्यामुळे, आणि गुजरातेत स्पिरिट म्हटलं की सगळ्यांनाच सही घ्यावीशी वाटत असल्यामुळे, त्याने तिची आणखी एक सही घेतली.

ही हकिकत तिने हसत हसत उत्कर्षाला सांगितली. हीच तिची चूक. उत्कर्षाने ती क्लासमध्ये उदाहरण म्हणून सांगितली, क्लासमधल्या मुलांनी घरी सांगितली, आणि दोन दिवसांत सोसायटीत पक्कं झालं की मोहित्यांच्या सुनेत्राने ती पावडर आणली आहे. कुणासाठी, ते कोणी बोललं नाही. सगळे नुसते तळमजल्याच्या उजव्या फ्लॅटकडे बघत, जिथे सेक्रेटरी राहत.

सुनेत्राला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्यापुढे नवी अडचण होती. कॉस्टिकचे दाणे हवेतला ओलावा शोषतात, म्हणून ते नुसते तोलून त्यांच्या द्रावणावर विसंबता येत नाही. ती अल्कली आधी ऑक्झॅलिकच्या अचूक द्रावणाशी ताडून घ्यावी लागते, हे आता ती पाचव्या पानाच्या पुढे गेल्यामुळे तिला कळलं होतं. थोडक्यात, ज्या मापाने मोजायचं ते माप आधी मोजायचं. अचूक द्रावणासाठी शून्य पॉइंट सहा तीन ग्रॅम ऑक्झॅलिक हवं होतं. घरातला काटा पाच ग्रॅमच्या खालच्या जगाची दखल घेत नव्हता.

तेव्हा तिला एक अत्यंत कल्पक युक्ती सुचली. सोनाराकडे जायचं.

त्या युक्तीचा तिला पाणीगेटपर्यंत स्कूटरवर अभिमान वाटत होता. बाळकृष्ण सोनारांच्या पेढीवर ती बसली, पर्समधून पांढऱ्या खड्यांची पुडी काढली, आणि हे कसं सांगावं याची जुळवाजुळव करू लागली. सोनारांनी पुडीकडे पाहिलं, काचेच्या झाकणाचा काटा पुढे ओढला, आणि म्हणाले, “शून्य पॉइंट सहाशे तीस ना? या वर्षी उशीर झाला.”

सुनेत्रा त्यांच्याकडे बघत राहिली.

“भास्करराव दर नवरात्रानंतर येत. मी हात लावायचा नाही, कागद त्यांचा, चिमटा त्यांचा. विषारी आहे म्हणत. एकदा सहाशे एकतीस भरलं तर एक कण काढायला दहा मिनिटं बसले होते. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं.” त्यांनी चिमटा तिच्यापुढे केला. “तुम्ही घाला. आम्ही सोन्यालासुद्धा इतकं करत नाही.”

तिने घातलं. सहाशे तीस भरायला तिला चौदा मिनिटं लागली. सोनारांनी पुडी दागिन्यांच्या गुलाबी कागदात बांधून दिली आणि काही घेतलं नाही. ती बाहेर पडताना नेमकी सोसायटीतल्या कुणाला तरी दिसली, आणि संध्याकाळी जिजाबाईंना तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला की अडचण असेल तर सांगा, दागिने मोडू नका.

रविवारी सकाळी सगळी सिद्धता झाली. ब्युरेट धुतलं, पिपेट पुसलं, आणि मग ब्युरेट उभं करायचा स्टँड दिसेना. तो बाल्कनीत होता. जिजाबाईंनी पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच्यावर गोकर्णाची वेल चढवली होती आणि वेल आता स्टँडच्या टोकापर्यंत जाऊन, तिथून पकडीला तीन वेढे घालून, निळी फुलं देत होती. फुलं रोज भास्कररावांच्या फोटोला जात. वेल सोडवायचा प्रश्नच नव्हता. परिणामी टायट्रेशन बाल्कनीत, वेलीच्या संगतीत आणि संपूर्ण सोसायटीच्या देखत करण्याचं ठरलं.

आणि तेव्हा तो रांगेत उभा राहिलेला पहिला प्रश्न पुढे आला. बरणी खाली काढावी लागणार होती.

जिजाबाई माळ्याखाली उभ्या राहिल्या. एकच काढ म्हणाल्या, सगळ्यात डावीकडची, आणि तिरकी करू नकोस. सुनेत्रा स्टुलावर चढली. बरणीवर धूळ नव्हती. गेले सहा महिने कोणीतरी स्टुलावर चढून त्या सहाच्या सहा पुसत होतं, आणि त्या घरात तिच्याशिवाय एकच माणूस होतं, ज्याच्या गुडघ्यांबद्दल सगळी सोसायटी विचारत असे. लोखंडी फिरकीचं झाकण गच्च बसलं होतं. ते उघडून तिने पिपेटने दहा मिलिलिटर काढलं आणि झाकण होतं तसं लावून टाकलं.

अल्कली ताडण्यात तासभर गेला. पहिल्या वेळी रंग एकदम जांभळट गुलाबी झाला. नोंदवहीत या रंगाबद्दल एकच वाक्य होतं: ‘गुलाबी ठळक दिसला म्हणजे उशीर झाला.’ हवा होता तो रंग असा की आहे की नाही याबद्दल दोन माणसांचं भांडण व्हावं, आणि अर्धा मिनिट टिकावा. दुसऱ्या वेळीही उशीर झाला. खालून एक मुलगा ओरडला की तिसरा ग्लास कधी, आणि समोरच्या इमारतीत कुणीतरी खुर्ची घेऊन बसलं. सुनेत्राने आयुष्यात कधी इतक्या लोकांसमोर काही चुकवलं नव्हतं. पाचव्या आणि सहाव्या वेळी मात्र दहा पॉइंट चार, दहा पॉइंट चार आलं. अल्कलीचा खरा दम निघाला शून्य पॉइंट शून्य नऊ सहा नॉर्मल. उत्कर्षा आपल्या बाल्कनीतून हे बघत होती. सारखी आलेली दोन खरी रीडिंग बघून ती जराशी अस्वस्थ झाली.

मग शिरका. दहापट पातळ केलेल्या शिरक्यातला दहा मिलिलिटर फ्लास्कमध्ये, खाली पांढरी थाळी, दोन थेंब दर्शक. बावीस वर्षं या ठिकाणी सात-साडेसात मिलिलिटर अल्कली लागत आली होती. सुनेत्राने तोटी फिरवली, आणि दीडावरच रंग आला.

तिने पुन्हा केलं. दीड. तिसऱ्यांदाही दीड, इतकं सुरेख, इतकं सारखं, की भास्कररावांनी बोलावून दाखवलं असतं. गणित केलं तेव्हा उत्तर आलं शेकडा शून्य पॉइंट आठ सहा.

म्हणजे शिरका तर नाहीच. आंबट पाणी म्हणायलाही बेताचंच.

उत्कर्षा रेलिंगवर वाकली. “ताई, दशांशचिन्ह चुकलं असेल. आठ पॉइंट सहाही नाही होत... हे बघा, रीडिंग साडेसात लिहा की. काकांची शेवटची आहे ती.”

नेमकं तेच होतं. काकांची शेवटची होती. सुनेत्राच्या हातात पेन होतं, ओळ कोरी होती, आणि खरं लिहायचं तर वडिलांच्या तेवीस खेपांतली शेवटची नापास म्हणून नोंदवायची होती. साडेसात लिहिलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. सोसायटीने तो शिरका कांद्यावर घालून, डोळे मिटून, भास्कररावांची आठवण काढत खाल्ला असता आणि यंदा जरा सौम्य आहे म्हटलं असतं. तिने पेन खाली ठेवलं आणि फ्लास्ककडे बघत बसली. रंग अर्धा मिनिट टिकला, मग गेला.

तेवढ्यात बेल वाजली. दिग्विजयराव होते. त्यांनी खालून सगळं पाहिलं होतं: तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा पाणी गुलाबी होताना. त्यांच्या कचेरीत पंधरा वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे हात असेच एका काचेच्या भांड्यात बुडवले होते, आणि तो रंग ते अजून स्वप्नात बघत. काखेत फाइल होती. दोन्ही हात पाठीमागे.

ते आत आले, पण बसले नाहीत. फाइल त्यांनी कोपराने टेबलावर सोडली. त्यात फ्लॅटचं भाग-प्रमाणपत्र होतं, जिजाबाईंच्या नावाचं, शिक्क्यासकट. नवा अर्ज? नको, जुना वाळला, वाळल्यावर छान वाचता येतो. देणगी? कसली देणगी, ती ऐच्छिक, आणि त्यांची स्वतःची अशी काही इच्छा नाही. जिजाबाईंनी रंगकामाचं पाकीट मे महिन्यापासून तयार ठेवलं होतं; त्यांनी ते देवघरातून आणून पुढे केलं तेव्हा दिग्विजयराव सोफ्याला अडखळून दोन पावलं मागे गेले.

“वहिनी, मी काही घेत नाही. कधीच घेतलेलं नाही. सुनेत्रा, तू ऐकते आहेस ना, बेटा?”

सुनेत्राने ऐकलं, पण तिला त्यातलं काही उमगलं नाही. सहा महिने अडलेलं काम सही-शिक्क्यासह टेबलावर पडलं होतं आणि ती शून्य पॉइंट आठ सहाचा विचार करत होती. बरणीतच काही दोष असेल म्हणून तिने झाकण पुन्हा उघडलं आणि या वेळी तसंच ठेवलं.

वास खोलीभर झाला. गोडसर, उग्र, नाकाच्या मुळाशी जाणारा. जिजाबाईंनी पदर नाकाला लावला. दिग्विजयरावांनी मात्र एक खोल श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा पालटला. तो वास त्यांनी ओळखला. कसा ओळखला, हे त्या दारूबंदीच्या राज्यात त्यांना कोणी विचारलं नाही.

“वहिनी,” ते अगदी हळू म्हणाले, “हा सरको नाही.”

एका क्षणात सुनेत्राच्या डोक्यात नोंदवहीची पानं लागली. रस आधी फसफसतो, त्याची दारू होते. मग तिला हवा मिळाली की तिचं आम्ल होतं. हवा मिळाली तर. म्हणून मलमलीचं फडकं. तिने हातातल्या लोखंडी झाकणाकडे पाहिलं.

“आई, फडकी कुठे आहेत?”

जिजाबाईंनी पदर नाकावरून काढला. पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं, त्याच्या कडा सारख्या केल्या.

“दहाव्याच्या आदल्या दिवशी काढली,” त्या म्हणाल्या. “घरात इतकी माणसं येणार. धूळ, मुंग्या. झाकणं लावून घट्ट केली. त्यांच्या त्या कपाटातल्या बाटलीलाही. म्हटलं, त्यांचं काही सांडायला नको.”

पलीकडच्या बाल्कनीत उत्कर्षा रेलिंगवरून मागे झाली.

पहिले बोलले ते दिग्विजयराव. त्यांना परिस्थिती आता दोन्ही बाजूंनी दिसू लागली होती. एका बाजूला गुलाबी पाणी, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरीच्या नाकाखाली बारा लिटर दारू, आणि मध्ये ते, हात मागे बांधून. त्यांनी सुचवलं की मोरीत ओतून टाका, पण थोडी थोडी, कारण खालची लाइन त्यांच्या बाथरूमवरून जाते.

“ओतायची नाही,” सुनेत्रा म्हणाली.

तिला नवव्या खेपेची ओळ आठवली होती. भास्कररावांच्या बारीक अक्षरात: ‘आम्लता १.१. एक झाकण चुकून बंद राहिले. फडके बांधले. पुन्हा मोजणे.’ आणि खाली, अकरा आठवड्यांनंतरच्या तारखेने, ४.२. कुणाचं झाकण, कुणाची चूक, काही लिहिलं नव्हतं. तेविसाव्या ओळीत तिने तशाच शब्दांत लिहिलं: ‘आम्लता ०.८६. झाकणे बंद राहिली. फडकी बांधली. पुन्हा मोजणे.’ जिजाबाईंनी वाचलं आणि भास्कररावांचं मलमलीचं धोतर फाडायला आणून दिलं.

त्यानंतरचे अकरा आठवडे ही सोसायटी कशी जगली, ते सांगण्यासारखं आहे, पण बहुतेक रहिवासी ते सांगणार नाहीत. सहा बरण्या उघड्या तोंडाने बाल्कनीशेजारच्या खोलीत होत्या आणि वास जिन्यात यायचा. प्रत्येक मजल्यावर लोक जरा रेंगाळत चढू लागले. कोणी तक्रारीचा सूर काढला की दिग्विजयराव स्वतः पुढे होऊन सांगत की ते आसव आहे, आयुर्वेदिक, वहिनींच्या गुडघ्यांसाठी. लाचलुचपतवाल्यांना सामील असलेल्या बाईच्या घरची दारू झाकण्याचं काम त्यांच्यावर आलं होतं आणि ते त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, काही न घेता केलं. बैठकीत त्यांनी देणग्यांचा हिशेबही वाचून दाखवला. त्या वर्षी इमारतीला रंग लागला. गुलाबी सुचवला गेला होता; त्यांनी ठाम विरोध केला.

ख्रिसमसच्या सुमारास वासातली गोडी गेली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, वर गच्चीत पतंगांची तयारी चाललेली असताना, सुनेत्राने बाल्कनीत पुन्हा ब्युरेट लावलं. गोकर्ण आता वरच्या मजल्यावर पोचला होता. अल्कली पुन्हा ताडली: शून्य पॉइंट शून्य नऊ चार तीन. समोरच्या इमारतीत खुर्च्या लागल्या. उत्कर्षाने क्लासच्या चार मुलींना घेऊन येऊन त्यांना सांगितलं की रीडिंग अशी घ्यायची असतात, आणि स्वतः पुढे वाकून बघू लागली.

सात पॉइंट सातला एक थेंब पडला आणि पाणी रंगलं असं सुनेत्राला वाटलं. उत्कर्षाला वाटलं नाही. दोघींचं भांडण व्हायच्या बेतात आलं. रंग अर्धा मिनिट टिकला. दुसऱ्यांदा सात पॉइंट सात. गणित: चार पॉइंट तीन सहा.

तिने ‘मोजले’च्या रकान्यात सही केली. ‘सु. मो.’ लिहिताना तिची अक्षरं नकळत बारीक आली. मग चमचाभर शिरका बशीत घेऊन ती आत गेली. आकडा झाकून ठेवला नव्हता, पण सांगितलाही नव्हता.

जिजाबाईंनी जिभेवर घेतला, डोळे मिटले, गाल आत ओढले.

“चार पॉइंट चार,” त्या म्हणाल्या.

सुनेत्राने त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे. “आई, तुला कळतं?”

“बावीस वर्षं चाखतेय.”

“मग ऑक्टोबरात एक चमचा घेऊन सांगायचंस. मी सोनाराकडे गेले, रजिस्टरमध्ये सह्या केल्या, त्या दिग्विजयकाकांनी...”

“मोजण्याआधी चाखायचं नाही, असं ठरलेलं होतं,” जिजाबाई म्हणाल्या. “ते आकडा सांगायचे नाहीत. चमचा पुढे करायचे आणि तोंडाकडे बघत बसायचे. मीही सांगायचे नाही. आंबट आहे, एवढंच म्हणायचे. त्यांचं मोजणं फुकट गेलंसं वाटायला नको.” त्यांनी पेन मागितलं आणि तिसऱ्या रकान्यात सही केली. मग चष्मा लावून कागद जवळ धरला. “तुझं चार पॉइंट तीन सहा का आलंय?”

“अल्कली ०.०९४३, रीडिंग सात पॉइंट सात. तेवढंच येतं.”

“ते एकच आकडा लिहायचे दशांशाच्या पुढे. बाकीचा सोनाराला, म्हणायचे.”

सुनेत्राने नोंदवही उघडली. बावीस ओळींत दशांशापुढे एकच आकडा होता. इतक्या वेळा वाचून हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने चार पॉइंट तीन सहा पुरं केलं, चार पॉइंट चार लिहिलं, आणि लेबलं कापायला कात्री शोधू लागली. संध्याकाळपर्यंत बाटल्या गेल्या. पहिली तळमजल्यावर गेली, उजवीकडच्या फ्लॅटमध्ये. दिग्विजयरावांनी ती दारातच ठेवायला सांगितली आणि सुनेत्राची पाठ फिरल्यावर रुमालाने उचलली.